किल्ल्यावर नावं कोरणारी पोरं: दंड की ब्रश?

जयेंद्रगंजकर: "पोरांना एक मोकळी भिंत द्या, किल्ला आपोआप वाचेल," असं कालच्या पोस्टीत वाचलं. काहीही! भिंतीवर चित्रं काढणारा वेगळा आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या मानमंदिर महालात किल्लीने बदाम कोरणारा वेगळा. या दुसऱ्याला रंगाशी देणंघेणंच नसतं. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याचं कलम ३० वाचा. २०१० च्या दुरुस्तीनंतर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. लावा की एकदा!

दानाओळीची: सोळा वर्षांचं पोर बाल न्याय मंडळापुढे जाईल, काका, तुमचं कलम तिथेच अडकतं. आणि भिंती विद्रूप करणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशच्या १९९४ च्या संपत्ती विरूपण कायद्यात १००० रुपयांपर्यंत दंड आहे, तो भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या कोचिंगवाल्यांना नि पुढाऱ्यांना कोण लावतं? पोरं त्यांच्याच जाहिराती बघत वाढतात.

जयेंद्रगंजकर: आलं पुढाऱ्यांवर! मुद्दा किल्ल्याचा आहे.

चुनागच्ची: मुद्दा डाग २४ तासांत निघण्याचा आहे. नाव टिकलं की शेजारी दुसरं येतं. स्प्रेच्या रंगावर मुलतानी माती आणि अ‍ॅसिटोनचा लगदा बोटभर जाड थापा, प्लास्टिकने झाका, दुसऱ्या दिवशी उघडून सुकू द्या आणि लाकडी पट्टीने काढा. नुसतं थिनर ओतून घासलं तर रंग वालुकाश्माच्या छिद्रांत आणखी खोल उतरतो.

लष्करवाला: मुलतानीत लोह असतं, पिवळा डाग राहील. चिनी माती घ्या.

चुनागच्ची: लोह सुटतं ते आम्लाने, अ‍ॅसिटोनने नव्हे. तरी फिकट दगडाला चिनी माती बरी, हे मान्य. खूश? आणि हे सगळं वस्तीतल्या भिंतींसाठी. किल्ल्यावर पुरातत्त्ववाल्यांशिवाय कुणी बोट लावायचं नाही. कोरलेलं तर लगद्याने जातच नाही.

दानाओळीची: मग वस्तीत ज्याने रंगवलं त्यालाच चुन्याचे दोन हात मारायला लावा.

लष्करवाला: ऑइलपेंटवर चुना धरतो होय? आठवड्यात पोपडे येतील. आधी पॉलिश पेपरने खरवडायला हवं.

दानाओळीची: खरवडायलाच लावा की! हातमोजे आणि चष्मा देऊन. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो.

जयेंद्रगंजकर: वस्तीपुरतं चालेल. पण कोरणाऱ्याचं काय, ते कुणीच सांगितलं नाही.

चुनागच्ची: तिथे रखवालदार वाढवा, काका. एवढं तुमचं बरोबर.