माळशेजची रेल्वे खरंच ठरली होती का?

ओतूरकर:
आमच्याकडे जुनी माणसं अजून सांगतात, "इंग्रजाची पहिली गाडी आपल्या घाटाने वर यायची होती." आजोबांना तर खात्री होती की माळशेजच्या रस्त्यावरचा बोगदा रेल्वेसाठीच सुरू केला आणि मग सोडून दिला. लहानपणी मीही ते खरं मानलं. आता मुलगी सहावीत आहे. शाळेत स्थानिक इतिहासाचा प्रकल्प दिलाय आणि तिला हाच विषय घ्यायचाय. ऐकीव गोष्ट तिच्या वहीत जाऊ नये असं वाटतं. योजना खरंच होती का? असेल तर कोणी आखली, आणि गाडी शेवटी कर्जत-कसाऱ्याकडे का वळली? आमच्या जुन्नर तालुक्यात आजही एक स्टेशन नाही, म्हणून हा प्रश्न जरा जिव्हाळ्याचा आहे.

घाटसेक्शन:
मुलीला सांगा, योजना शंभर टक्के खरी होती. बोगद्याची गोष्ट तेवढी वहीत नको. माळशेजमध्ये रेल्वेचं खोदकाम कधी सुरूच झालं नाही, तो बोगदा रस्त्याचाच.

माझी सगळी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात, पी-वे खात्यात, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात गेली. आपण सांभाळतो ती लाइन इथूनच का गेली, हे कळावं म्हणून जमेल तेवढं वाचत आलो. त्यातलं सांगतो.

योजना जॉन चॅपमनची. माणूस इंग्लंडमधल्या लफबरोचा, यंत्रांच्या धंद्यातला. लंडनच्या हॅन्सम घोडागाडीत मोठ्या सुधारणा केल्या त्या यानेच. १८४४ मध्ये त्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्या नकाशावरची रेघ मुंबईहून निघून थेट पूर्व किनाऱ्यावर, काकिनाड्याजवळच्या कोरिंगा बंदरापर्यंत जात होती. त्याच सुमारास इकडे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटत होते. १८४५ मध्ये चॅपमन स्वतः मुंबईत आला. त्याचं सगळं लक्ष कापसावर होतं. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरून यायचा. वाटेत धूळ, पाऊस आणि महिनेच्या महिने. लँकेशायरच्या गिरण्यांना तो वेळेवर आणि स्वच्छ मिळावा, हा त्याचा हिशेब.

आता तुमच्या गावाचा भाग. मुंबई-कल्याण, तिथून मुरबाडच्या बाजूने माळशेजचा पायथा, घाट चढून वर आळे. हो, तुमच्या शेजारचंच आळे. इंग्रजी कागदांत ते 'अ‍ॅले' असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. तिथे लाइन फुटणार होती. एक फाटा ईशान्येला वऱ्हाड-नागपूरकडे, दुसरा आग्नेयेला सोलापूरच्या दिशेने. अख्ख्या द्वीपकल्पासाठी घाट एकच आणि वर चढल्यावर जंक्शन. कागदावर यापेक्षा देखणी योजना नाही, असं मला आजही वाटतं. आणि वाटही काही नवी नव्हती. शेजारच्याच नाणेघाटाने सातवाहनांच्या काळापासून जुन्नरचा व्यापार कोकणात उतरत होता.

पण बैलाला चालतो तो चढ इंजिनाला चालत नाही. १८५० मध्ये जेम्स बर्कली रेल्वे कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून आला, त्याने घाट बारकाईने मोजले आणि माळशेज सोडून थळ (कसारा-इगतपुरी) आणि बोर (कर्जत-खंडाळा) हे दोन घाट घेतले. कारण समजायचं तर एकदा माळशेजच्या पायथ्याला, मोरोशीला उभं राहून वर बघा. समोर सरळ भिंत आहे. रेल्वेला एक फूट वर जायला निदान सदतीस फूट पुढे जावं लागतं, म्हणजे इथे १ : ३७ हा सर्वांत कडक चढ ठरला. एवढी लांबी भिंतीवर मिळत नाही, त्यासाठी डोंगराची सोंड लागते. बोर घाटात ती आहे. पळसदरीहून ठाकूरवाडी, मंकी हिल करत खंडाळ्यापर्यंत सोंडेच्या अंगाअंगाने चढता येतं. तिथे १८३१ फूट चढायला जवळजवळ १६ मैल घेतलेत. थळ घाटात तर कसाऱ्यापर्यंत जमीन आधीच वर आलेली असते, म्हणून इगतपुरीला पोचायला ९७२ फूटच उरतात.

ही सोपी वाट म्हणून घेतली, असं मात्र मुलीने लिहू नये. बोर घाटाला १८५६ ते १८६३ लागले, २५ बोगदे पडले. १८६१ मध्ये एका वेळी ४२,००० च्या वर माणसं कामावर होती आणि पटकीने किती गेली त्यांची नावं कुठेही नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवला. 'सोप्या' घाटाची ही किंमत. त्यावरून माळशेजचा अंदाज करा.

म्हणून माझं मत असं की तुमच्या भागाला कोणी मुद्दाम डावललं नाही. डोंगराने एका घाटाचे दोन केले, आणि दोन केल्यावर फाटा घाटाच्या खाली पडला. आळ्याला व्हायचं जंक्शन कल्याणला झालं, एवढ्यात सगळं आलं.

चॅपमनचं मात्र वाईट वाटतं. करार होईपर्यंत तो कंपनीतून बाजूला पडला होता. १८५३ ला गाडी ठाण्याला आली, १८५४ ला कल्याणला, आणि त्याच वर्षी तो लंडनमध्ये पटकीनेच गेला.

मुरबाडचा_मी:
घाटसेक्शन काका, छान लिहिलंत, पण "डावललं नाही" हे बर्कलीच्या काळापुरतं ठीक आहे. त्यानंतर दीडशे वर्षं गेली. कल्याण-माळशेज-नगर रेल्वेची मागणी आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत होते, सर्व्हे होतात, फायली फिरतात. नगरला १८७८ मध्येच दौंड-मनमाड लाइन मिळाली, म्हणून नगरचं अडलं नाही. अडलं ते मधल्या पट्ट्याचं. जुन्नरचा टोमॅटो, ओतूरचा कांदा आजही रात्रभर ट्रकमधून घाट उतरतो. पावसात दरड आली की तिथेच उभा. आता लांब बोगदे खोदता येतात, कोकण रेल्वेने करून दाखवलं. १:३७ चं कारण आज कोणी देऊ नये.

घाटसेक्शन:
मान्य. मी बर्कलीच्या वेळचं बोललो. आजचा प्रश्न पैशाचा आणि इच्छेचा आहे, डोंगराचा नाही. तुमची मागणी रास्त आहे.

ओतूरकर:
काका, मनापासून आभार. मुलीने वाचून लगेच विचारलं, मग पुण्याला गाडी कशी गेली असती?

घाटसेक्शन:
नेमका प्रश्न विचारलाय तिने. आळ्याहून दक्षिणेला, नारायणगाव-मंचर-खेड करत. म्हणजे पुण्याचा माणूस मुंबईला निघाला की आधी उत्तरेला आळ्यापर्यंत जाणार, मग घाट उतरणार. आजच्या रस्त्यांनी मोजलं तर अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातं, आणि बोर घाटाने आहेत १९२. मुंबई-पुण्याचं आजचं रोजचं जाणं-येणं त्या लाइनवर वाढलं नसतं, असं मला वाटतं. तिला नकाशावर दोन रंगांनी दोन्ही रेघा काढायला सांगा. झालेली एका रंगाने, न झालेली तुटक. कल्याण आणि आळे ही दोन ठिकाणं ठळक करा. शिक्षकांना वेगळं काही समजवावं लागणार नाही.