'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'चे पैसे नेमके कुठे अडकले?

रेकॉर्डवेडा: बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनवर दोन तासांचा श्रवणाचा कार्यक्रम बसवतोय. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी त्याने भरवलेल्या १९७१ च्या मैफलीबद्दल एके ठिकाणी वाचलं की पैसे लगेच युनिसेफला गेले, दुसरीकडे म्हणतात करखात्यात दहा वर्षं पडून होते. खरं काय? आणि पं. रविशंकरांचा भाग कुठून ऐकवावा?

हिशेबनीस: दोन्ही खरं, कारण रकमा दोन आहेत. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन खेळ झाले, दुपारी आणि रात्री, मिळून सुमारे ४०,००० श्रोते. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर ५० सेंट काही दिवसांतच युनिसेफकडे गेले. त्यात कसलाच घोळ नाही.

अडकली ती रेकॉर्ड आणि चित्रपटाची कमाई, आणि मोठी रक्कम तीच होती. कार्यक्रम जेमतेम पाच आठवड्यांत उभा राहिला. त्या गडबडीत तो आधीपासून युनिसेफच्या नावावर, धर्मादाय म्हणून नोंदवायचं राहून गेलं. त्यामुळे अमेरिकेच्या करखात्याच्या लेखी ही कमाई झाली बीटल्सच्या 'ॲपल' या रेकॉर्ड कंपनीची, म्हणजे करपात्र. वाद मिटेपर्यंत लाखो डॉलर वर्षानुवर्षं अडकून राहिले. ब्रिटनमध्ये वेगळीच कटकट: तिथल्या सरकारने रेकॉर्डवरचा खरेदी कर माफ करायला नकार दिला. हॅरिसनचा मॅनेजर ॲलन क्लाइन होता, हे काम त्याच्याच टेबलावरचं. दोष मात्र बहुतेक लेखांत हॅरिसनला मिळतो, तो मला पटत नाही.

टेपडेक: कराच्याही आधी कंपन्यांचं भांडण आहे, ते सोडू नका. मैफलीत गायलेला बॉब डिलन कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचा, तर हॅरिसनची रेकॉर्ड अमेरिकेत कॅपिटॉल ही दुसरी कंपनी विकणार. दुसऱ्याच्या कलाकाराचा आवाज छापायचा तर परवानगी हवी, आणि ती फुकट मिळत नाही. शेवटी अमेरिकेत ही मैफल टेपवर (तबकडीवर नव्हे) विकायचे हक्क कोलंबियाला देऊन तोडगा निघाला. तोवर चोरटी ध्वनिमुद्रणं बाजारात आली होती. नोव्हेंबरात हॅरिसनने डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमात कॅपिटॉलवर उघड तोंडसुख घेतलं. तीन तबकड्यांचा संच डिसेंबरात निघाला, ब्रिटनमध्ये जानेवारी १९७२ उजाडला.

जवारी: ऐकवायचं तर पहिल्या तबकडीची पहिली बाजू पूर्ण लावा, निवेदन धरून साधारण २२ मिनिटं. रविशंकर सतार, अली अकबर खाँ सरोद, अल्लारखाँ तबला, कमला चक्रवर्ती तंबोरा. निवेदन कापू नका: वाद्यं लावून होताच श्रोत्यांनी टाळ्या पिटल्या आणि रविशंकरांनी त्यावर हसतहसत टोला हाणला, तो तिथेच आहे. मग 'बांगला धून'. इथे आवाज थोडा वाढवा, कारण पुढच्या बाजूवर दोन ड्रमसेट, ब्रास आणि गिटारींचा ताफा एकदम अंगावर येतो. तिथे पुन्हा कमी करायला विसरू नका.

मुंबईचा धागा हवा असेल तर तोही आहे. १९६६ च्या सप्टेंबरात हॅरिसन सतार शिकायला मुंबईत आला होता आणि जानेवारी १९६८ मध्ये एचएमव्हीच्या मुंबईतल्या स्टुडिओत त्याने इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केलं.

हिशेबनीस: एक पुरवणी. १९७३ मध्ये हॅरिसनने 'मटेरियल वर्ल्ड' हा धर्मादाय न्यास काढला आणि त्या वर्षीच्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांचे हक्क थेट न्यासाला दिले. म्हणजे पैसा आधी स्वतःच्या किंवा कंपनीच्या खात्यात येऊन मग दान व्हायचा प्रश्नच उरला नाही. १९७१ मध्ये नेमकी हीच पायरी गाळली गेली होती. १९८४ च्या 'बँड एड' या मदतनिधीच्या रेकॉर्डवरही ब्रिटनमध्ये कराचा तंटा झालाच, पण ती काढणाऱ्या बॉब गेल्डॉफने जाहीर बोभाटा केल्यावर सरकारने कराइतकी रक्कम देणगी म्हणून परत केली. वेळ उरला तर हे दोन्ही शेजारीशेजारी सांगा. विक्रीला असलेल्या जुन्या-नव्या प्रतींबद्दल विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे.