संपाच्या पलीकडची संघटना

'संप आला की सरकारी कर्मचाऱ्यांचे संघटनावाले दिसतात, एरवी असतात कुठे?' असं एकांनी विचारलंय. एरवी ते बहुतेक सेवापुस्तकांत, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीतल्या नोंदींच्या वहीत, डोकं घालून बसलेले असतात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला सरकारी कर्मचारी. आमच्याकडे निवृत्तीला आलेल्या एका शिपाईमामांच्या सेवापुस्तकात जुन्या वेतनवाढीच्या नोंदीखाली सहीच नव्हती. सही नाही म्हणून नवी मुंबईच्या कोकण भवनात वेतन पडताळणी (पगार बरोबर ठरलाय का याची तपासणी) अडली, आणि पडताळणी नाही म्हणून पेन्शनचा प्रस्ताव ती मंजूर करणाऱ्या महालेखापालांकडे जाईना. संघटनेच्या तालुका सचिवांनी ऑफिस सुटल्यावर दप्तरखान्यातला जुना आदेश शोधला, साहेबांसमोर ठेवला आणि सही होईपर्यंत पाठ सोडली नाही. याची बातमी कोण छापणार?

आता संपाबद्दल. जुन्या पेन्शनसाठी झालेला १४ ते २० मार्च २०२३ चा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप आमच्यातल्या १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी जिव्हाळ्याचा होता, कारण त्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती. त्यांच्यातला कुणी नोकरीत असताना गेला, तर घरच्यांना जुन्या नियमांसारखं कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नव्हतं. संप मिटला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला हे कुटुंब निवृत्तिवेतन देण्याचा शासन निर्णय निघाला. जुनी पेन्शन जशीच्या तशी मिळाली नाही, हे खरंच. पण एखाद्या विधवा वहिनीच्या घरी दरमहा पैसे येऊ लागतात, ते मला फार मोठं वाटतं.

लोकांचे दाखले त्या आठवड्यात रखडले, त्रास झाला, हे मान्य. पण निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात पंचनामे करत फिरलेले तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक हीच माणसं होती. तुमच्या ऑफिसातल्या तालुका सचिवांना एकदा भेटा, त्यांच्या पिशवीत कुणाकुणाचे कागद असतात ते बघा.