३३ वर (मिनिटाला ३३ फेरे) कापलेल्या सेव्हन-इंच ईपींची (छोट्या रेकॉर्डची) शेवटची गाणी चरचरतात. सुई, रेकॉर्ड की रेकॉर्डिंगच तसं?

दादर_डीबीट

सेटअप आधी सांगतो. ऑडिओ-टेक्निका एलपी१२०एक्स टर्नटेबल, त्याच्यासोबत आलेलं व्हीएम९५ई कार्ट्रिज (लंबगोल सुई), डायलवर सुईचं वजन २ ग्रॅम, अँटी-स्केट (सुईच्या दांड्याला आत ओढलं जाण्यापासून रोखणारी उलटी ओढ) शून्य. फोनो प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा) टेबलातलाच वापरतो. बारा इंची एलपी व्यवस्थित वाजतात.

घोळ आहे तो ३३ वर कापलेल्या सेव्हन-इंच हार्डकोर ईपींचा. एका साइडला चार-पाच गाणी. पहिली दोन स्वच्छ. पुढे हाय-हॅट (ड्रममधली जोडझांज) ‘टिस्स’ऐवजी ‘ख्श्श’ वाजायला लागतो आणि शेवटच्या गाण्यात झांजा, गायकाचा ‘स’ आणि गिटार सगळं एकत्र कालवल्यासारखं. ४५ च्या सिंगल्सना हा त्रास जवळपास नाहीच.

पंचाईत अशी की हे संगीत मुळातच खरखरीत. डिस्चार्ज किंवा डार्कथ्रोनसारखे बँड ऐकताना दोष कुठला आणि स्टाइल कुठली, ते ठरवायचं कसं? व्हीएम९५एमएल (मायक्रोलिनियर, जास्त बारीक टोकाची) सुई घ्यावी का? पैसे घालायच्या आधी विचारून घेतोय.

जाता जाता: पावसाळा सुरू झाल्यापासून काही रेकॉर्डवर पांढरे ठिपके आलेत. कापडाने पुसले की जातात, पंधरवड्याने परत हजर.

खरखर_विशारद

सुई नंतर. आधी दोन गोष्टी तपास.

एक, चरचर कुठल्या चॅनेलमध्ये जास्त आहे? हेडफोन लावून एकेक बाजू ऐक. उजवीकडे जास्त असेल तर तुझं शून्यावरचं अँटी-स्केट पहिला संशयित. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) वाजताना आत ओढला जातो, सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर (डावा चॅनेल) रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची (उजवा चॅनेल) पकड सुटते. डायल वजनाइतकाच म्हणजे २ वर आण, मग कानाने थोडा पुढे-मागे कर. दोन्हीकडे सारखीच चरचर असेल तर अलाइनमेंट (सुई खाचेत सरळ बसणं) किंवा झिजलेली खाच.

दोन, वजन. काउंटरवेटवरच्या (आर्मच्या मागच्या वजनावरच्या) आकड्यावर विसंबू नकोस, आर्म नीट तरंगता न ठेवता रिंग शून्यावर आणली असेल तर तो आकडा कामाचा नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. व्हीएम९५ची रेंज १.८ ते २.२ आहे. अशा रेकॉर्डना २.१ ठेव. ‘हलकं वजन म्हणजे रेकॉर्डची काळजी’ हा समज उलटा आहे: हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तीच खरवडते.

आता ४५ ला का होत नाही ते. १२ इंची एलपीत बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी धावते, शेवटाला २१. सेव्हन-इंच ४५ वर असेल तर ३९ पासून २५ पर्यंत. तीच ३३ वर कापली की सुरुवातच २९ ला आणि शेवट १९ च्या खाली! म्हणजे एलपीचा शेवटचा पाव भाग जिथे लागतो तिथून तुझी ईपी सुरू होते. त्या वेगाला १० किलोहर्ट्झची एक अख्खी लाट १९ मायक्रॉनमध्ये बसवायची, आणि हार्डकोरमध्ये झांजा सोडून वर असतं काय? एका साइडला पाच गाणी कोंबायची किंमत आहे ती.

गिरगाव_ग्राइंड

वरच्याशी सहमत. अलाइनमेंटचं मी सांगतो, कारण कारखान्यातून बसून आलेलं कार्ट्रिज सरळ असेलच असं नाही.

दोन बिंदूंचा प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा कागदी साचा) छाप, पण बेअरवाल्डचा (मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी) नको, स्टीव्हनसनचा (६०.३ आणि ११७.४ मिमी) घे. त्याचा आतला बिंदू मध्याच्या जास्त जवळ आहे, त्यामुळे सेव्हन-इंचच्या शेवटच्या गाण्यांना सुईचा तिरकेपणा कमी राहतो. बदल्यात एलपीच्या मधल्या भागात विकृती किंचित वाढते. तुझा रॅक बघता हा सौदा परवडेल.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद, १०० टक्के. कागदावरची मापरेषा स्टीलच्या पट्टीने मोजून बघ, झेरॉक्सवाल्याकडचे प्रिंटर हमखास दोन-तीन टक्के आखडतात. स्पिंडलचं (टेबलाच्या मधल्या खुंटीचं) भोक घट्ट बसलं पाहिजे, सैल असेल तर सगळी मेहनत पाण्यात. हेडशेलचे (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाचे) दोन्ही स्क्रू अर्धवट ढिले कर, सुई आतल्या बिंदूवर टेकव आणि समोरून कॅन्टिलीव्हर (टोकाला सुई असलेली बारीक दांडी) रेघांशी समांतर आहे का बघ. कॅन्टिलीव्हर म्हणतोय, कार्ट्रिजचा डबा नाही, दोघं एका रेषेत असतीलच असं नाही. मग बाहेरचा बिंदू. तिथे चुकत असेल तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकव आणि परत आतल्यावर ये. दोन्हीकडे जमलं की स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळ, एकच आधी आवळला तर डबा फिरतो. शेवटी वजन पुन्हा मोज. कार्ट्रिज अर्धा मिलिमीटर सरकलं तरी वजन बदलतं, आणि ही पायरी लोक हटकून गाळतात.

ब्लास्टबीट_बोरिवली

मागच्या बाजूचा फोनो/लाइन स्विच बघितलास का? टेबल ‘लाइन’वर आणि वायर अँपच्या ‘फोनो’ सॉकेटात, असं असेल तर सिग्नल दोनदा वाढतो आणि सगळंच फाटतं. तुझ्याकडे पहिली दोन गाणी स्वच्छ आहेत म्हणजे बहुधा हे नसेल, पण बघायला दहा सेकंद.

खरखर_विशारद

@दादर_डीबीट दोष की स्टाइल, याचं उत्तर राहिलंच होतं. बँडने केलेली घाण साइडभर सारखी असते, सुईची घाण मध्याकडे जाताना वाढत जाते. तेच गाणं डिजिटलवर लाव आणि एकच झांज पकडून तुलना कर. डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ (१९९४) घरी चार ट्रॅकच्या मशीनवर केलेला आहे, तो पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत माशा घोंघावल्यासारखाच वाजणार. त्याला कुठलीही सुई ‘सुधारू’ शकत नाही, आणि सुधारूही नये!

नेपाम डेथचा ‘स्कम’ (१९८७) असेल तर जपून. त्याच्या दोन साइड वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लाइनअपने रेकॉर्ड झाल्यात (पहिली १९८६ला, दुसरी १९८७ला, दोन्हीकडे कॉमन फक्त ड्रमर मिक हॅरिस). साइड बदलल्यावर आवाज बदलला म्हणून कार्ट्रिज उचकटायला घेऊ नकोस. पहिल्या साइडचा शेवट ‘यू सफर’ने होतो. ते गाणं १.३ सेकंदाचं आणि ३३ वर रेकॉर्डच्या एका फेऱ्याला लागतात १.८ सेकंद. म्हणजे एक चक्कर पूर्ण व्हायच्या आत गाणं खलास. त्यावरून सुईची परीक्षा करता येत नाही, एवढंच.

फोर्ट_फझ

एमएलबद्दल माझं मत थोडं वेगळं. अलाइनमेंट करच, पण १९ सेंमीच्या वेगाला लंबगोल सुईची मर्यादा येतेच. व्हीएम९५ईच्या टोकाची बाजूची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन, एमएलची ३ च्या आसपास. लाटेच्या अरुंद वळणात कोण शिरेल ते उघड आहे. शिवाय डबा तोच राहतो, सुई समोरून ओढून काढायची आणि नवी लावायची. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लंबगोल सुई ३०० तास आणि मायक्रोलिनियर १००० तास चालते, म्हणजे तासाच्या हिशेबात एमएल दिसते तितकी महाग पडत नाही.

पण दोन अटी. एमएल अलाइनमेंटच्या बाबतीत जास्त खोडकर आहे, वाकडी बसली तर व्हीएम९५ईपेक्षा वाईट वाजेल. आणि रेकॉर्ड सेकंडहँड असून आधीच्या मालकाने बोथट सुईने घासला असेल तर भिंतीवरची झीज परत येत नाही. एमएल भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, कधी कधी तिथे कोरा भाग सापडतो. कधी कधी, हं. चोर बाजारातली ईपी घेताना टॉर्च तिरका धरून शेवटच्या गाण्याची खाच बघावी. बाहेर काळी चकचकीत आणि आत करडी दिसली तर किंमत अर्धी करायला सांगावं किंवा सोडून द्यावी.

माहीमची_मावशी

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी. ती बुरशी आहे बाबा, आणि ती कापडाने पुसणं म्हणजे खाचेत चोळणं. सुईला लागली की तिथेही चरचर, त्यामुळे हे काम अलाइनमेंटच्या आधी करा.

डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली (प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलच्या दुकानात मिळेल), त्यात फोटोग्राफीवाले वापरतात ते वेटिंग एजंट तीन-चार थेंब. जास्त घातलं तर थर राहतो. मास्क लावा, ठिपके आधी गॅलरीत कोरड्या मऊ ब्रशने झाडा. लेबल कोरडं ठेवून मिश्रण लावा, ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा, मिनिटभर थांबा पण वाळू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, नळाचं नको. भांड्यांच्या रॅकमध्ये उभे ठेवून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. हेच मिश्रण आजोबांच्या लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना लावलंत तर त्या विरघळतील, तेवढं लक्षात ठेवा.

ठिपके परत येतात ते आतल्या कागदी पाकिटामुळे. कागद ओल धरतो, बुरशी त्यातच बसलेली असते. ते सरळ फेका, पॉलिथिनची आतली पाकिटं घ्या. झेरॉक्स केलेले इन्सर्ट आणि लिरिक शीट मात्र टाकू नका, पंख्याखाली सुकवून वेगळ्या पाकिटात ठेवा. बाहेरच्या कव्हराला स्टेशनरीतलं जाड पीव्हीसी नको, त्याने रेकॉर्डवर धुरकट थर चढतो. पॉलिप्रॉपिलीन मागा.

आणि यूट्यूबवरचा फेव्हिकॉलचा प्रयोग कृपया करू नका. थर पातळ पडला तर सोलताना तुटतो आणि तुकडे खाचेत राहतात.

दादर_डीबीट

मावशी, सगळ्यांनाच थँक्स. हेडफोनवर बघितलं, चरचर उजवीकडे बरीच जास्त आहे. अँटी-स्केट २ वर नेल्यावर तिसरं गाणं जवळजवळ साफ, शेवटचं अजून थोडं फाटतं. प्रोट्रॅक्टर उद्या छापतो. रेकॉर्डचं कपाट पावसाचा मार बसणाऱ्या भिंतीला लागून आहे, तिथे सिलिका जेल ठेवून भागेल का?

माहीमची_मावशी

उघड्या कपाटात सिलिका जेल म्हणजे अरबी समुद्र सुकवायला निघण्यासारखं आहे. झाकण घट्ट बसणारा डबा असेल तरच उपयोग, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून परत वापरता येतं. कपाट आतल्या भिंतीकडे हलवा, मागे तीन इंच हवा खेळू द्या, आणि एक डिजिटल हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा) आत टाका. आकडा ६५ टक्क्यांच्या वर राहायला लागला की एसी ‘ड्राय’ मोडवर.

गिरगाव_ग्राइंड

आणि शेवटचं गाणं प्रोट्रॅक्टरनंतरही फाटलं तर तीच ईपी नव्या प्रेसिंगवर ऐकून बघ. तिथेही तेवढंच फाटलं तर एमएल घे. नवी स्वच्छ वाजली तर तुझी प्रत झिजलेली आहे, एमएलने थोडाफार फरक पडला तर नशीब.