मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांच्या जोड्या कशा शिकवाव्यात?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला आहे. व्याकरण पक्कं, शब्दही भरपूर येतात, पण कुठला शब्द कुणाशेजारी बसतो तिथं अडतं. 'परीक्षा देणे' म्हणून ती 'गिव्ह' लिहिते. इंग्रजीत 'टेक ॲन एक्झाम'. आपलं 'करणे' आणि कन्नडचं 'माडु' सगळीकडे चालतं. इंग्रजीत होमवर्क 'डू', चूक मात्र 'मेक'. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. खानापूरच्या मुसळधार पावसात वाढलेल्या पोरीला हे पटवायचं कसं?

सध्या वहीत सुटा शब्द लिहू देत नाही, अख्खी जोडी लिहायला लावतो: 'डिसिजन' नव्हे, 'मेक अ डिसिजन'. आठवड्याने आठवतात, महिन्याने विसरते. वाक्प्रचारांची घाई नाही; 'कॅट्स अँड डॉग्ज'चा पाऊस रोजच्या बोलण्यात कमीच येतो. आधी या जोड्या बसाव्यात.

जोड्या क्रियापदानुसार शिकवाव्यात की विषयानुसार? कोलोकेशनचा, म्हणजे अशा शब्दजोड्यांचा, वेगळा शब्दकोश या वयाला झेपेल का? मराठी माध्यमातून गेलेल्या कुणी स्वतः काय केलं, ते जरूर सांगा. बेळगाव, निपाणीकडे कुणाकडे अशा शब्दकोशाची जुनी प्रत असेल तर विकत घेईन.