अंडरड्राइव्ह पुली आणि कोंडीतला अल्टरनेटर
क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची, पट्ट्याने इतर यंत्रे फिरवणारी चाकी) लहान केल्याने, म्हणजेच अंडरड्राइव्ह पुली बसवल्याने, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) व एसी कॉम्प्रेसर फिरवण्यात जाणारी शक्ती वाचते, असे म्हटले जाते आणि ते मला मान्य आहे. मात्र ही बचत चढ्या आरपीएमवरच (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) जाणवते, आणि मुंबईत तसा रस्ता मिळतो कुठे? क्रँक पुली १५० मिमी व अल्टरनेटरची ५० मिमी असेल, तर ८०० आरपीएमच्या आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अल्टरनेटर २४०० ने फिरतो. क्रँक पुली २५ टक्के लहान केली की तो १८०० वर येतो. गेल्या पावसाळ्यात अंधेरीच्या कोंडीत एसी, वायपर आणि हेडलाइट एकत्र चालू असताना माझ्या गाडीचे व्होल्टेज १४ वरून १२.२ वर उतरले, म्हणजे बॅटरी चार्ज होण्याऐवजी रिकामी होत होती. शेवटी अल्टरनेटरलाही त्याच प्रमाणात लहान पुली बसवावी लागली. मूळ क्रँक पुलीत कंपने शोषणारे रबरी कडे असेल, तर तिच्या जागी निव्वळ अ‍ॅल्युमिनियमची पुली मी तरी बसवणार नाही.