एक्स-शोरूम म्हणजे शोरूमच्या आत की बाहेर?

बिब्बा (धागाकर्ता)
काल इथेच एका महाभागानं लिहिलं, "बारा लाखांची गाडी घेणाऱ्यानं दहा हजारांच्या हँडलिंग चार्जवरून वाद घालणं शोभत नाही. ऑन-रोड किंमत झेपत नसेल तर बाइक घ्या." तिथे उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

प्रश्न शोभण्याचा नाही हो, पावतीचा आहे. मागच्या महिन्यात कोटेशन हातात आलं. एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची किंमत, ११,८०,०००, त्यात जीएसटी आलाच. रोड टॅक्स पेट्रोलला १२ टक्के, १,४१,६००. टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आगाऊ वसूल केलेला आयकर, ११,८००, तो रिटर्न भरताना वळता होतो. हे सगळं मान्य. सरकार घेतं ते निदान कुठल्या तरी कायद्यात लिहून घेतं.

त्याखाली बारीक अक्षरांत : 'लॉजिस्टिक्स व हँडलिंग ९,५००', 'आरटीओ खर्च ७,५००', 'एसेन्शियल किट १४,०००'. हँडलिंग म्हणजे काय, विचारलं. "सर, यार्डातून गाडी आणावी लागते." अहो, मग एक्स-शोरूम किमतीत मी काय घेतोय, गाडीचा फोटो? आरटीओचं म्हणाल तर नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५००. ओढूनताणून २,३००. उरलेले ५,२०० कुणाचे, यावर पोरगं एसीकडे बघायला लागलं. आणि एसेन्शियल किटात पायपुसणी, मडफ्लॅप आणि अत्तराची बाटली! सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी मेहुण्यानं याच शोरूममधून हीच गाडी घेतली, तेव्हा हे किट ६,००० चं होतं. कर उतरला आणि अत्तर चढलं.

शोभत नाही म्हणणाऱ्यानं या तिन्ही ओळींचा हिशेब मांडून दाखवावा.

शोरूमात_अकरा_वर्षं
बिब्बासाहेब, दुसरी बाजूही ऐका. एका गाडीवर आमच्या मालकाला जे सुटतं त्यातून जागेचं भाडं, उभ्या स्टॉकचं व्याज, आमचे पगार, चार-चार टेस्ट ड्राइव्हचं पेट्रोल. तुम्ही येता तेव्हा आणखी तीन शोरूमची कोटेशनं खिशात असतात. "तो वीस देतोय, तुम्ही तीस द्या." सूट द्यायची, तर ती कुठून तरी काढावीच लागते. हँडलिंग बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण रडारड फक्त आमच्या नावानं नको.

बिब्बा
म्हणजे एका हातानं सूट आणि दुसऱ्या हातानं हँडलिंग. कबुलीबद्दल आभारी आहे.

सायली_क
माझी गंमत ऐका. मी गाडी रोखीत घेतली, म्हणजे पूर्ण पैसे खात्यातून, कर्ज शून्य. तरी कोटेशनमध्ये 'एचपी चार्जेस १,५००', म्हणजे कर्जाचा बोजा चढवायचे. म्हटलं, बोजा कुणाचा चढवताय, माझ्या आईचा? तर म्हणे फॉरमॅटमध्येच असतं मॅडम. फॉरमॅटमधून काढायला दोन फोन आणि एक चढा आवाज लागला. शिवाय कर्ज घेत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडला, की जणू मीच काही मागायला आले होते. कर्जावर कमिशन असतं हे नंतर कळलं.

आणि हो, 'एकट्याच आलात का मॅडम' कुणी विचारू नका. माझ्याबरोबर भाऊ होता, पण सगळं कोटेशन त्यालाच समजावत होते. त्याला गिअर कुठे असतो एवढंच माहीत.

नाना_निवृत्त
तुम्ही तरुण मंडळी पाच-दहा हजारांसाठी रक्तदाब वाढवता. मी दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली, ५२,००० चा विमासुद्धा शोरूमकडूनच. सगळं एका छताखाली. उद्या ठोकली तर गाडी त्यांच्याकडे टाकायची आणि घरी यायचं. बाहेरून स्वस्तातला विमा घेणारे नंतर कॅशलेससाठी, म्हणजे खिशात हात न घालता दुरुस्तीसाठी, फिरत बसतात, डोळ्यांनी पाहिलंय.

पॉलिसीवाला
नाना, कॅशलेस शोरूमवर ठरत नाही. विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही, यावर ठरतं. तीच कंपनी, तीच पॉलिसी बाहेरून घेतली तरी कॅशलेस तेच. "बाहेरचा विमा असेल तर आम्ही बघणार नाही" ही निव्वळ दमदाटी.

थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता तर कुठूनही घ्या, सारखाच, कारण तो दर सरकार ठरवतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा सक्तीचा, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासून. फरक पडतो तो ओडीत, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि झिरो डेप (झीज न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट असल्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे वरच्या जोडकवचांत. ५२,००० मध्ये नक्की काय काय होतं?

नाना_निवृत्त
तुम्ही विमा विकता. तुम्ही असंच बोलणार.

पॉलिसीवाला
विकतो. शोरूमही विकतं. मी निदान नावातच सांगितलंय.

शोरूमात_अकरा_वर्षं
इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. बाहेरचा एजंट पॉलिसी देतो आणि क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही. सर्व्हेअरच्या मागे कोण लागतं? आमचाच माणूस. गेल्या पावसाळ्यात इंजिनात पाणी गेलेल्या गाड्यांची रांग लागली होती. इंजिन प्रोटेक्ट नसलेल्यांना "नाही मिळणार" हे सांगायची पाळी माझ्यावर आली. शिव्या मी खाल्ल्या, पॉलिसी ऑनलाइनची होती.

पॉलिसीवाला
ऑनलाइनची म्हणून नाही, ॲड-ऑन घेतला नाही म्हणून. शोरूमच्या पॉलिसीतही तो नसता तर हेच झालं असतं. खापर नेमकं कशावर फोडायचं ते आधी ठरवा.

शोरूमात_अकरा_वर्षं
पाण्यात उभं राहून बोला मग. एसीत बसून ॲड-ऑन शिकवू नका.

गिअरबॉक्स
विमा-विमा काय खेळताय! खरा दरोडा रोड टॅक्सचा आहे. राज्य जीएसटीसकट किमतीवर टॅक्स लावतं, म्हणजे करावर कर. बीएच सिरीजला, म्हणजे राज्याराज्यांत बदली होणाऱ्यांच्या नंबराला, मात्र जीएसटी वगळून किंमत धरतात, टॅक्सही दोन-दोन वर्षांचा भरायचा. पण ती कुणाला? सरकारी नोकराला, नाहीतर चार राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीतल्याला. मी एका राज्यातला दुकानदार, म्हणून मी आधीच पंधरा वर्षांचं भरायचं. त्यात दहा लाखांची रेघ. ९,९९,००० ची गाडी घेतली तर ११ टक्के, दोन हजारांनी वर गेली की सगळ्या रकमेवर १२, शिवाय टीसीएस. दोन हजारांच्या रंगासाठी वीस हजारांचा फटका. पांढरी घेतली गुपचूप.

सायली_क
पांढरी छान दिसते हो. :)

बिब्बा
धागा हँडलिंगचा होता. असो. गिअरबॉक्स, करावर कर हे पटतं, पण तो सगळ्यांना सारखा लागतो. हँडलिंग मात्र माणूस बघून लावतात. माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थाला ते 'सर तुमच्यासाठी माफ', कारण त्याच्या ओळखीचं कुणीतरी वर बसलं होतं. माफ करता येतं ते शुल्क कसलं?

शोरूमवाल्यांनाही एक देऊन टाकतो : पावसाळ्याचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या कोटेशनमध्ये इंजिन प्रोटेक्ट होतं आणि मी ते 'फालतू' म्हणून खोडायला निघालो होतो. आमच्या गल्लीत दरवर्षी गुडघाभर पाणी असतं. बाकी अत्तरावर ठाम आहे.

शोरूमात_अकरा_वर्षं
अत्तर मी माझ्याकडून देतो. या एकदा. आरटीओचे वरचे पैसे पण लेखी विचारा, पावती मागा. पावती मागणाऱ्याचे बहुतेक वेळा कमी होतात. हे मी लिहिलं असं कुठे सांगू नका.

पॉलिसीवाला
नाना, एक विसरलो. नवी घेण्याआधी जुनी गाडी होती ना? क्लेम किती केले होते?

नाना_निवृत्त
एकही नाही. नऊ वर्षं ओरखडासुद्धा नाही. का?

पॉलिसीवाला
मग तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर होता. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीचं पत्र दाखवलं असतं, तर नव्या गाडीच्या ओडी हप्त्यावर निम्मी सूट होती. शोरूमनं विचारलं नाही?

नाना_निवृत्त
नाही. चहा मात्र दोनदा विचारला.

पॉलिसीवाला
ते पत्र तीन वर्षं चालतं. जुनी गाडी विकली कधी?

नाना_निवृत्त
थांबा, फाइल माळ्यावर आहे. मुलाला चढवतो.